टाइट एंडबाबत माझी सुस्पष्ट भूमिका

५ नोव्हेंबर, रविवार
मी हॅरल्ड निमायर, वय छप्पन्न, वाणिज्य पदवीधर, एका टाइल कंपनीच्या हिशेब विभागाचा प्रमुख. ही रोजनिशी एकाच विषयापुरती आहे: आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा नवा टाइट एंड ब्रॉडी केस्लर अपेक्षेला उतरतो का, याचा निःपक्षपाती निर्णय. निर्णय झालेला आहे. नाही.
टाइट एंडची कामे दोन: समोरच्याला अडवणे आणि चेंडू झेलणे. आज अडवले पुष्कळ, झेलले शून्य. जावई नोलन दर रविवारी माझी मुलगी ग्रेटा हिच्याबरोबर आमच्याकडे सामना पाहायला येतो. त्याचे म्हणणे, केस्लरने वाट करून दिली म्हणून तर दुसरा धावला. वाट करून द्यायला दाराशी रखवालदार पुरतो, असे मी ऐकवले. नोलन शाळेत असताना टाइट एंड खेळत असे. प्रस्तुत विषयाशी याचा संबंध नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळ
संकल्प: आवाज चढवायचा नाही.

संध्याकाळ
केस्लरच्या हातून चेंडू निसटला. मी आवाज चढवला नाही; फक्त शब्द स्पष्ट उच्चारले. शेजारचे कुत्रे उगाच भुंकले. नोलनला मी इतकेच विचारले की तुमच्या जमातीत हात केवळ शोभेला असतात काय.
मुलीने स्वयंपाकघरात गाठले. "बाबा, त्याला पुन्हा असं टाकून बोललात, तर आमचे रविवार बंद. ख्रिसमससुद्धा त्याच्या आईकडे."
मी केस्लरविषयी बोलत होतो, हे तिला समजावले. तिला समजले नाही.

१९ नोव्हेंबर
संपूर्ण संयम पाळला. चिप्सचा काचेचा वाडगा हातात फुटला. हल्ली मालाचा दर्जाच निकृष्ट.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
भाजलेली टर्की उत्तम. जेवणापूर्वी रीतीप्रमाणे प्रत्येकाने आभार मानले. पत्नी मार्लीनने प्रकृतीबद्दल मानले. नोलनने चक्क या घरातल्या रविवारांबद्दल मानले. म्हणजे विषय त्यानेच काढला. माझी पाळी आली तेव्हा मी मोजक्या शब्दांत आभार मानले की केस्लरसारख्या आयतखाऊला पोसणारा मी नाही, आणि त्याची वकिली करणारे आमच्या रक्ताचे नाहीत.
नोलनने नॅपकिनची घडी घातली. "हॅरल्ड, तुम्हाला शेजारी बसायला माणूस नकोय. बुजगावणं हवंय."
ग्रेटाने दोघांचे कोट आणले. पंपकिन पाय हा भोपळ्याचा गोड पदार्थ कोणी कापलाही नव्हता. लोकांना वस्तुनिष्ठ चर्चा सोसत नाही. येतील रविवारी.

२६ नोव्हेंबर, रविवार
कोणी आले नाही. रस्त्यावर बर्फ असावा. खिडकीतून दिसला नाही.
अखेरच्या क्षणी केस्लरने दोघांना अंगावर घेत चेंडू झेलला आणि सामना जिंकून दिला. मी उभा राहिलो. मोठ्या मनाने मत बदलले. ग्रेटाला फोन केला, उचलला नाही. नोलनचा बंद होता. निरोप ठेवला: केस्लरबाबत फेरविचारास मी तयार आहे, अटी भेटीत सांगेन.
मार्लीन कपबश्या आवरत होती. तिला म्हटले, अखेर तो अपेक्षेला उतरला.
"कुणाला सांगतोयस?" तिने विचारले.

हॅरल्ड निमायर
ॲक्रन, ओहायो
२६ नोव्हेंबर