रजा वाढली

१० जानेवारी १९५२, बदलापूर

माझा नातू मधू मेला म्हणून सकाळी रडले. दुपारी कळलं, मेला नाही. संध्याकाळी आमटी केली, ती तिखट झाली. मला अक्षर येत नाही, म्हणून हे मालू लिहितेय — मधूची धाकटी बहीण, शाळेत इंग्रजी शिकते. सांगेन तेवढंच लिही गं, पदरचं घालू नको.

मधूच्या पलटणीतून तार आली तेव्हा माझा चिंतामणी अंबरनाथला कारखान्यात, मालू शाळेत. घरात मी आणि सूनबाई. शेजारच्या गुरुदत्तला बोलावलं. चार बुकं शिकलाय, रुबाब आठ बुकांचा. वाचता वाचता थांबला. म्हणाला, "आजी, लीव्ह म्हणजे सोडून जाणे. एक्स्पायर्ड म्हणजे वारला. पलटणीनं दोनदा कळवलंय." कारखान्याच्या फळ्यावर कोणी कामगार गेला की हाच शब्द लिहितात, तो त्याला पाठ. पलीकडच्या गोजरबाई धावत आल्या, त्यांनी गळा काढला. सूनबाई चुलीपुढे बसली ती उठेना.

दारात पापडवाली सिंधीण उभी होती. जमना. निर्वासितांच्या पाच नंबरच्या कॅम्पातून दर गुरुवारी टोपली घेऊन येते. ती म्हणाली, "नहीं अमां, मत रो. वो मरा नहीं." मी म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो. "येते हं आजी," म्हणाली आणि गेली.

मग मालू आली, तार वाचली आणि हसली. कारटी हसली! लीव्ह म्हणजे रजा. मधूची रजा संपली, ताबडतोब हजर व्हा. मेली ती रजा.

गुरुदत्त आता आठ दिवस आमच्या दारावरून जायचा नाही.

११ जानेवारी

आनंद एका रात्रीचा. रजा संपली, तर ती घेतली कधी? घरी तर आला नाही. मग हा गेला कुठं?

चिंतामणी म्हणाला, "आई, हजर झाला नाही तर फरारी ठरेल. पकडून नेतील, तुरुंगात टाकतील. रजा संपलीय त्याची."

मी म्हटलं, "संपली म्हणू नये रे. वाढली म्हण. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो आपण. दुकान मिटलं तरी वाढवलं म्हणतो."

त्यानं कपाळाला हात लावला. "रजा वाढली म्हणजे उलटंच होतं, आई. वाढली असती तर काय हवं होतं?"

१३ जानेवारी

बसवत नाही, उठवत नाही. वाल सोलायला घेतले. दाणे केरात, सालं पातेल्यात. सूनबाईनं गुपचूप पातेलं ओढून घेतलं.

चाळा म्हणून मालूला इंग्रजी विचारलं. वेळ पास होते. मुलगाही पास होतो. चिंतामणीच्या खिशात गाडीचा असतो तोही पास. माणूस गेला तरी म्हणे पासच झाला. मी म्हटलं, शब्दांची टंचाई होती का गं त्यांच्याकडे? नाही म्हणे. लॅप्स आहे, इलॅप्स आहे, एक्स्पायर आहे, एंड आहे. लॅप्स म्हणजे मुदत हातची गेली. इलॅप्स म्हणजे मधला काळ नुसता सरला.

"दोन्हींत फरक काय?"

"परीक्षेत विचारतात."

जाण्याचे एवढे शब्द जवळ होते, तरी इथून जायला दीडशे वर्षं लावली गोऱ्या लोकांनी.

आमच्या घरात सध्या इलॅप्स चालू आहे. लॅप्स होऊ नये.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू केले. मधूचा वेगळा ठेवला. सूनबाईनं बघितलं आणि त्यावर वाटी झाकली.

१६ जानेवारी

जमनाचं ते "येते हं" डोक्यातून जात नाही. सिंधी बायका जाताना "चलती हूँ" म्हणतात. "येते" हे आमच्या उंबऱ्यावरचं. "जातो" म्हटलं की मी मागं बोलावून पुन्हा म्हणायला लावते. मधूनं लहानपणी त्यापायी किती बोलणी खाल्ली.

आणि दुसरं. मालू घरी यायची होती. तारेचा अर्थ कोणालाच कळला नव्हता. मग मधू मेला नाही हे त्या पोरीला कसं कळलं?

मालू, लिहून झालं की जीभ आवर. उद्या गुरुवार.

१७ जानेवारी

जमना आली. सूनबाई विहिरीवर गेली होती. मी पापडाचा तुकडा तोंडात टाकला. "मीठ जास्त पडलंय."

"अमां, हर बार यही बोलती हो."

"तोही हेच म्हणतो?"

तिनं टोपली खाली ठेवली. मग स्वतःही बसली. देवळात माळा घातल्यात तिनं आणि मधूनं. कॅम्पातल्या बराकीत राहतात. इथून गाडीनं घटकाभराच्या वाटेवर, आणि मी आपली वालाची सालं शिजवत बसलेय!

"त्याला तुरुंग होईल, ठाऊक आहे ना?"

"रोज बोलती हूँ, जा. बोलता है, मैं गया तो तेरा कौन? बूढ़ी मासी थी, वो भी दिवाली में चल बसी. और घर आने को बोलो तो बाबूजी से डरता है."

चल बसी. म्हणजे वारली. यांच्याकडे माणूस जातो तेव्हा बसतो.

मधूचा लाडू तिच्या ओढणीच्या टोकाला बांधला. म्हटलं, "त्याला सांग, आजी एक्स्पायर व्हायच्या आत ये. आणि पोरी, तुझं कोण, ते मी बघते."

१८ जानेवारी

चिंतामणीला सांगितलं. "ती या घरात येणार नाही," म्हणाला.

मी म्हटलं, "बरं. मग तुरुंगात डबा तू नेशील की मी नेऊ?"

जेवला नाही. मालू, हे लिहीच. उद्या म्हणेल, मी असं बोललोच नाही.

२० जानेवारी

काल मधू जमनाला घेऊन घरी आला, आज पलटणीत हजर व्हायला गेला. शिक्षा होईल ती भोगीन म्हणाला. चिंतामणी धुसफुसत का होईना, त्याची ट्रंक उचलून स्टेशनपर्यंत गेला. उंबऱ्यात मधू म्हणाला, "येतो."

पापडवाली गेली नाही. आत सूनबाईशेजारी पापडाचं पीठ कुटतेय. मीठ अजून जास्तच घालते. सांगेन. आता वेळ आहे.