आतली दोरी

आत्या, आज सकाळी धुणं वाळत घालताना तुमची आठवण आली, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. धुणं वाळत घालताना तुमची आठवण येत नाही असा दिवस क्वचितच जातो. आज वेगळं झालं ते एवढंच, की मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला तुमचं उत्तर दिलं. तुम्ही या नातीला पाळण्यातच पाहिलंत. आता ती कॉलेजात आहे. आणि मी पहिल्यांदा तुमच्या मानवतच्या घरात आले तेव्हा तुमचं जे वय होतं, त्या वयाला मी आले आहे. तेव्हा मला तुम्ही म्हाताऱ्या वाटायचात. तुम्ही म्हाताऱ्या नव्हताच, हे आता आरशात बघून कळतं.

आमच्या परभणीच्या घरी धुणं म्हणजे गच्चीवर न्यायची गोष्ट होती. आई सकाळीच बादली घेऊन वर जायची आणि कपडे झटकून, शिवणी जुळवून, रस्त्याच्या बाजूच्या तारेवर घालायची. रस्त्याच्याच बाजूला का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तिकडं ऊन जास्ती लागतं." ऊन दोन्हीकडं सारखंच लागायचं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीतल्या घरोघरच्या गच्च्यांवर बायकांच्या पांढऱ्या साड्या एकदम वाळत पडायच्या. वडील ऑफिसला जाताना रस्त्यात थांबायचे, मान वर करून सगळ्या गच्च्या बघायचे आणि मग सायकलवर बसायचे. आपण कोण आहोत हे आपल्या गच्चीवरून कळावं असं त्यांना वाटत असणार. तसं ते कधी बोलले नाहीत. लग्नात आईनं मला तिची त्यातलीच एक साडी दिली.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी तुमच्या न्हाणीत कपडे धुतले आणि पिळे खांद्यावर टाकून अंगणात आले. अंगण मोठं, मधोमध लिंब, घरमालकिणीच्या दोऱ्यांवर तिच्या घरचं धुणं फडफडत होतं. आपली दोरी मला कुठंच दिसेना. तुम्ही दारातून म्हणालात, "तिकडं कुठं चाललीस, माय? आत ये. आपली दोरी आत हाय." खिडकीच्या गजापासून समोरच्या भिंतीतल्या खुंटीपर्यंत बांधलेली ती सुतळी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिच्याखालून वाकून चूल गाठावी लागायची. लुगडं लांबीत चौपदरी करून घालायचं, म्हणजे जागा पुरते, पण मग ते दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. पावसाळ्यात तुम्ही खाली शेगडी ठेवायचात. माझ्या अंगाला सदा धुराचा आणि कुबट ओलीचा वास यायचा. माहेरी गेले की आई आधी माझा पदर हुंगायची आणि मग विचारायची, "जेवण नीट देतेत ना?"

घरमालकीण काकू स्वभावानं मोकळ्या. घरची शेती, मोठं खटलं. आपल्या पायरीच्या अलीकडं त्या येत नसत, पण पलीकडं उभं राहून तासभर बोलत. एकदा मला ऐकवून त्या तुम्हाला म्हणाल्या, "काय वं, तुमचं धुणं पडदानशीन हाय काय? कधी त्येचं तोंड दिसंना."

तुम्ही ज्वारी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "रुई बसती, बाई. जिनिंग किती जवळ हाय बगा की."

"अवं, आखाडात कुठली रुई? जिनिंग बंद पडून किती दिस झाले!"

"मागची उडायली असंल."

काकू पोट धरून हसल्या. तुम्हीही हसलात. मला मात्र हसू आलं नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये रुई वेचायच्या कामावर तुम्ही कितीतरी वर्षं होतात, मुलाला हायस्कुलात कारकुनी लागल्यावरच तुम्ही ते काम सोडलंत. जिनिंगच्या सुट्टीच्या दिवसांत रुई उडत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणजे कारण दुसरं होतं, आणि ते काय असावं हे मी, बी. ए. झालेली सून, मनाशी ठरवून मोकळी झाले. मला वाटलं, तुम्ही लपवताय. गल्लीत आपल्या समाजाचं एकच घर, म्हणून निळ्या काठाची लुगडी, पांढरी साडी कुणाच्या नजरेला पडू नये. माहेरच्या गच्चीवरून उतरून मी या अंधाऱ्या सुतळीखाली आले, असं मला वाटायला लागलं. खरं तर दारातून आत पाहिलं की समोरच्याच भिंतीवर जयंतीच्या मिरवणुकीत असतात तेच फोटो, त्यांना रोज ताजा हार. लपवणारं माणूस फोटो दारासमोर लावत नाही. हे रोज डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. आपण ठरवलेल्या गोष्टीच्या आड येणारं सगळं माणूस कसं टाळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणखी एक सवय मला कळत नव्हती. तुमचा मुलगा निजताना पॅन्ट-शर्ट घडी करून उशाशी ठेवायचा. खुंटी हाताच्या अंतरावर असली तरी उशाशीच. मी म्हणायची, इस्त्री मोडते. तो म्हणायचा, "मोडू दे."

मग श्रावणातला तो दिवस. पाऊस चांगला उघडलाय, ऊन असं पडलंय की लिंबाची पानं चमकतायत. तुम्ही बाजाराला गेलात. मी न राहवून घरातलं सगळं धुणं काढते, चादरी, लुगडी, त्याचे कपडे, माझी पांढरी साडी, आणि काकूंना विचारून त्यांच्या रिकाम्या दोरीवर सगळं पसरते. लेकरासारखी खूश होते मी. फाटकाशी तुम्ही दिसता. तुम्ही आधी दोरीकडं बघता, मग घराकडं, मग फाटकाकडं. पिशवी तिथंच खाली टाकून तुम्ही येता आणि कपडे ओढायला लागता. पहिल्यांदा त्याचे. ओल्या कपड्यांचा ढीग पोटाशी धरून तुम्ही आत जाता. कांदे अंगणात घरंगळत जातात. काकू आपल्या ओसरीवर उभ्या.

मी तुमच्या मागं आले. माझा आवाज चढला होता. "आत्या, आपल्याला लपवायचं काय कारण?" असं मी म्हणाले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, आणि मला काय म्हणायचंय ते तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"लपवायचं? कुणापसून? समद्या गल्लीला ठावं हाय आमी कोन हाव ते."

"मग?"

तुम्ही त्याची ओली पॅन्ट सुतळीवर घातलीत, हातानं दाबून सरळ केलीत. मग चुलीपुढं बसून बोललात, पोळ्या करता करता, जणू कुणा दुसऱ्याच्या घरचं सांगताय. विद्यापीठाच्या नावावरून पहिल्यांदा पेटलं त्या साली तुम्ही गावाकडं होतात, तुमचा मुलगा शाळेतलं पोरगं होता.

"त्या दिशी असाच पाऊस उघडला व्हता. लय दिसांचं धुणं तुंबलेलं. म्या समदं काढलं, पोराचं बी. पोरगं गोधडी गुंडाळून बसलं घरात, कपडे वाळायची वाट बघत. दिस कलला आन् वरडाआरड झाली. यायले, यायले, म्हनून मानसं पळायली. दोरी ही अशी, न्हाणीपस्तोर बी न्हाई इतकी जवळ. पण तिकडूनच यायले व्हते. काय करू? गोधडी बी पळताना तुऱ्हाट्याच्या कुडाला अडकून ऱ्हायली."

पुढं तुम्ही थोडकंच सांगितलंत. रानारानानं बहिणीच्या गावाला पोचलात. घर जळालं ते जळालं, त्याबद्दल तुम्ही एक वाक्य बोललात. पण बहिणीच्या घरी मुलाच्या मापाचं काही नव्हतं. तिच्या पोरीचा परकर त्याला नेसवला. शेजारची पोरं दारात येऊन हसायची. तो आठवडाभर कणगीच्या मागं बसून राहिला, जेवायलाही बाहेर आला नाही. "घर काय, पुना बांधलं आसतं. पन ते पोरगं तवापसून कुनाम्होरं अंग उघडं करत न्हाई. तू बायको हाईस, तुला ठावं." एवढं बोलून तुम्ही तवा उतरवलात. "म्हनून कपडे हाताशी पायजेत, माय. दुसरं काय न्हाई."

मी काही लगेच शहाणी झाले नाही. उलट आठ दिवसांनी मी पुन्हा वाद घातला, की ते होऊन किती वर्षं गेली, की आपण आता गावाकडं नाही, की ओलीनं माझ्या छातीत कफ होतो. आजही मला माझं म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही. कपड्याला ऊन लागलंच पाहिजे. तुम्हीही ते ऐकून घेतलंत. काकूंच्या एका दोरीवर चादरी आणि माझ्या साड्या जायला लागल्या. तुमचं धुणं आतच राहिलं, त्याचंही. माझा मात्र साडी-पोलक्याचा एक जोड रोज तुम्ही न बोलता बाहेरून उचलून आतल्या सुतळीवर आणायचात. मी तो पुन्हा बाहेर न्यायची नाही. एवढ्यावर आपलं जमलं.

आणि मग ती संक्रांत, विद्यापीठाला नाव लागलं ती. बाजार अर्धा बंद, चौकात पोलीस, रेडिओला सगळ्या घरांचे कान. काय होईल याचा कुणालाच भरवसा नव्हता. मी तर चादरीसुद्धा आत घालायच्या ठरवल्या होत्या. तुम्ही उठून माझी पेटी उघडलीत, आईची पांढरी साडी काढलीत. ती धुतलेलीच होती. तुम्ही ती पुन्हा भिजवलीत, पिळलीत आणि अंगणात नेऊन पूर्ण लांबीची, एकपदरी, दोरीवर पसरलीत. जिनिंग तेव्हा ऐन जोरात. तुमचं कारण त्या दिवशी पहिल्यांदाच खरं होतं, हवेत रुईचं तूस तरंगत होतं आणि ओल्या साडीवर बसत होतं. तुम्ही खाली पोतं अंथरून बसलात, फाटकाकडं तोंड करून. पांढऱ्यावर पांढरं तूस डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही ते बोटांनी चाचपून काढत होतात. मी दोनदा म्हणाले, मी बसते, तुम्ही आत जा. तुम्ही नुसती मान हलवलीत.

काकू वाटीत तिळगूळ घेऊन आल्या. "आज पडदा काढला वाटतं?"

"काढला," तुम्ही म्हणालात. "रुई लय बसायलीय पन."

"आता बसायलीय खरी," काकू म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात टेकून, "मायऽ, ह्ये गुडघं," असं म्हणत त्याच पोत्यावर बसल्या आणि साडीचं दुसरं टोक मांडीवर घेऊन तूस वेचायला लागल्या. तुम्ही दोघी गुडघ्यांबद्दल बोलत होतात. एरंडाच्या पाल्यानं शेकावं की निर्गुडीच्या, यावर तुमचं एकमत होत नव्हतं. त्या दिवशी फाटकातून कुणी आलं नाही. साडी खडखडीत वाळेपर्यंत तुम्ही हलला नाहीत.

मी हे पुष्कळांना सांगितलं आहे. कार्यक्रमात बोलायला सांगितलं की हेच सांगते, लोकांना आवडतं. पण सांगताना मी साडीवर थांबते. साडी बाहेर होती तेव्हा मी पाणी प्यायला आत गेले होते, आणि सुतळीवर त्याचे पॅन्ट-शर्ट होते, तुमचं एक लुगडं होतं आणि माझा एक जोड होता. ते मी कधी सांगितलं नाही. माझी साडी तुम्ही दाखवायला काढलीत, आणि आम्हाला नेसायला लागेल ते हाताशी ठेवलंत. यातलं खरं कोणतं, असं मी फार दिवस स्वतःला विचारत होते. आता विचारत नाही. एका घरात दोन दोऱ्या असू शकतात.

आता आम्ही परभणीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीला दिवसभर ऊन असतं. तुमचा मुलगा निवृत्तीला आला, उशाशी घडी अजून असते, इस्त्री अजून मोडते. सगळं धुणं मी गॅलरीत घालते. मुलीचा एक सलवार-कुडता मात्र आत आणते आणि कपाटाच्या दारावर पसरते. ती कॉलेजसाठी बाहेरगावी गेल्यापासून, सुट्टीत घरी आली की रोज. आज तिनं पाहिलं.

"आई, एवढं ऊन असताना हा एकच आत का?"

तिच्याएवढी असताना मी तुमचं ऐकून घेतलं होतं, तसं तीही ऐकेल, हे मला माहीत आहे. तरी माझ्या तोंडून निघालं, "रुई बसते."

ती खिडकीशी गेली, खालचा डांबरी रस्ता पाहिला, समोरच्या इमारती पाहिल्या. "इथं कुठली रुई?"

मी म्हणाले, "मागची उडायली असेल."

ती हसली आणि आंघोळीला गेली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, आत्या: तिचं न्हाणं होईपर्यंत मी तो ओला कुडता हातात धरून बाथरूमच्या दाराशी उभी होते.