यसूची घंटा

१४ जून, रविवार. क्राइस्टचर्च

रिकार्टनच्या बाजारात भाजी आणायला जायचं राहूनच गेलं. शेजारच्या जीनआजींनी चहाला बोलावून फोनवर एक फोटो दाखवला. स्कॉटलंडमधल्या एका जमीनदाराचं जुनं, भलंमोठं घर, आता तिकीट काढून बघता येतं. आजींची आई तिथे कामाला होती. जेवण तयार झालं की फोटोत दिसणारी दिवाणखान्यातली पितळी घंटा तीच वाजवायची. “तिच्यावरची नक्षी तुमच्याकडची वाटते,” आजी म्हणाल्या. फोटो मोठा केला. नक्षी कसली, देवनागरी अक्षरं. ‘देवीचरणी यसू’.

म्हणजे देवळातली घंटा. कोण असेल ही यसू? हिने नवस फेडला असेल का? आणि घंटा तिकडे नेली कुणी, विकत घेऊन की उचलून?

अर्थ सांगावा की नाही, कळेना. आईची आठवण आहे ती त्यांची. पण सांगितलं. आजींनी फोटो पुन्हा जवळ घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, “आईला वाटायचं, ती घंटा मालकांची.”

फोटोतल्या पाटीवर नुसतं ‘जेवणाची घंटा’ लिहिलंय. ते बदला, असा ईमेल त्या घराच्या ऑफिसला लिहायला आजी तिथेच बसल्या. मला एवढंच विचारलं, “यसूचं स्पेलिंग काय?”