पिवळा रंग येत नाही

४ मार्च
आजही शून्य! गाईच्या रक्ताचा थेंब टाकला की द्रावण पिवळं, उंदराचा टाकला की पिवळं, घोड्याचा तर पिवळंजर्द. आणि डॉल्फिनचा टाकला — पाणी! नळी उजेडात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे.

६ मार्च
मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सांगितलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं असशील!" त्या नळीतली पूड कॅल्शियम बांधून टाकते, आणि कॅल्शियम नसलं की द्रावण पिवळं करणारं एन्झाइम ढिम्म हलत नाही. मला आठवेचना. जांभळं होतं की बिनधोक हिरवं?

जेवण गेलं नाही. वहिनी म्हणाली, "एवढं काय गं त्या रंगात?" तिला सांगितलं — कीटकनाशकाचं विष रक्तात शिरलं की फोडणारं एक एन्झाइम असतं. पिवळं झालं म्हणजे ते कामावर आहे. "आणि नाही झालं तर?" मी ताट सारून उठले.

९ मार्च
स्वतःच मत्स्यालयात गेले. डॉल्फिन म्हातारी मादी आहे, सांभाळणारा तिला 'आत्याबाई' म्हणतो. त्यानं शेपटी धरली, मी रक्त काढलं. हिरवं झाकण. दहादा बघितलं!

निघताना दारावर सूचना दिसली — सोमवारपासून तलावाभोवती डासांसाठी फवारणी. औषध नेमकं त्याच जातीचं, हे एन्झाइम फोडतं तसलं. खाली ठेकेदाराची सही. लहानपणी बाबांना न दाखवता प्रगतिपुस्तकावर मी हीच सही मारून घ्यायचे. दादाची.

१० मार्च
शून्य.

११ मार्च
बाई खुर्चीतून उठल्याच! जनुक तपासलं. आहे, पण मोडकं. या एन्झाइमांची तीन भावंडं. डॉल्फिनमध्ये दोन धडधाकट, विष फोडणारं थोरलंच निकामी. गाईचं, पाणघोड्याचं — डॉल्फिनच्या जमिनीवरच्या नातलगांचं — शाबूत. डॉल्फिनचे पूर्वज जमीन सोडून समुद्रात गेले, त्यानंतर कधीतरी बिघडलं. का, हे कुणी छातीठोक सांगत नाही. बिघडल्यानं तेव्हा अडलंही नसेल. समुद्रात फवारायला कोण आलं होतं?

संध्याकाळी दादाला गाठलं.
"थांबव रे ती फवारणी."
"तुझ्या एका माशासाठी?"
"मासा नाही तो!"
"बरं, नाही. वर्षभराचं काम आहे माझं. माणसांना काही होत नाही, मला बघ की — पंधरा वर्षं मारतोय, ठणठणीत!"
वहिनीला आठवा चालू आहे. ती आमच्या दोघांमध्ये बसून बाळाच्या लंगोट्यांच्या घड्या घालत होती. मोडून परत घालत होती.

१३ मार्च
डोळ्याला डोळा नाही. त्याच्याशी बोलून झालं. न बोलता करावं लागणार.

१४ मार्च
बाईंच्या सहीनं पत्र दिलं. मत्स्यालयानं फवारणी रद्द केली. सांभाळणाऱ्यानं फोन करून आभार मानले.
दादा घरी आला, बूट काढले, म्हणाला, "पत्र देणार हे मला आधी सांगायचंस. लोकांकडून कळलं."
बरोबर आहे त्याचं.

२३ मार्च
नऊ दिवस अबोला. मीठ हवं असलं तरी वहिनीमार्फत मागतो. मीठ माझ्यासमोर असतं!
शहरातल्या बागांचं काम मिळालंय त्याला. औषध तेच. कामाच्या कपड्यांवरच जेवायला बसतो.

२ एप्रिल
बाईंनी आता माणसांच्या रक्तातल्या याच एन्झाइमचे आकडे काढायला सांगितलेत. जुने अहवाल चाळत होते. माणसामाणसांत केवढा फरक! कुणाचं दहापट जास्त, कुणाचं नावाला. ते ठीक. पुढच्या पानावर नवजात बाळं. मोठ्यांच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकं, आणि भरून यायला वर्ष-दोन वर्षं.
पान मिटलं. परत उघडलं.

३ एप्रिल
सांगू कशी? म्हणेल, आधी डॉल्फिन, आता माझं मूल. तिसऱ्यांदा त्याच्या खोलीच्या दाराशी गेले आणि पाणी पिऊन परत आले.

५ एप्रिल
सांगितलं. तो फवारणीचा पंप धूत होता. मी उभ्या उभ्या भडाभडा बोलले — बाळाचं अपुरं एन्झाइम, औषध लागलेले कपडे, हात, केस, कामावरून आल्यावर लगेच बाळाला घेणं. नळ बंद केला नाही त्यानं. वर बघितलंही नाही. "झालं?" म्हणाला.
झालं म्हटलं, आणि आत आले.

१२ एप्रिल
काही फरक नाही. त्याच शर्टात जेवला. वहिनीला विचारलं, काही बोलला का? तिनं नाही म्हणून मान हलवली. बाईंकडे आकडे दिले. दोन चुकीचे निघाले — माझे आजवर कधी चुकले नव्हते.

१९ एप्रिल
मुलगी झाली! दोघी सुखरूप.
दादा दवाखान्यात नव्या शर्टात आला, घडीच्या खुणा तशाच. नखं मुळापर्यंत कापलेली, हात घासून लाल. नर्सनं बाळ पुढे केलं तर दोन पावलं मागे सरला. सगळ्यांदेखत माझ्याकडे वळला.
"तू सांग," म्हणाला. "घेऊ का हिला?"