ओट्याखालची ओल

१० मार्च

दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पिल्लू बरे असाल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. आईला भूक लागते. मागच्या गॅलरीचं दार मी रंगवून घेतलं. कारखान्यात मला बढती मिळाली, आता सगळ्या मजल्याची शिलाई माझ्या नजरेखालून जाते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. तू म्हणशील, हे तर तू घरी फुकट करतेस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. एक तर फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. दुसरं कारण पुढे येईलच. आधी पाण्याचं सांगते.

तू जाऊन महिना होतो न होतो तोच स्वयंपाकघरात कुबट वास यायला लागला. ओट्याखालच्या कपाटाचं दार फुगलं, लावताना खाली घासायचं. आई म्हणे, "हवा दमट आहे." कसली दमट? बाहेर कोरड्या हवेने ओठ फुटत होते. मग खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला पिवळा डाग पडला होता आणि पोपडे थेट शेगडीवर पडत होते. आई त्यांना दारातूनच म्हणाली, "आमच्याकडे थेंबही गळत नाही हो. वरच्या टाकीचं असेल." मला तिथेच खटकलं. आई कधी कुणाला दारातून परत पाठवते का?

पण माझा पहिला संशय नळवाल्यावर गेला. तोच, ज्याला बाबा 'उद्या' म्हणायचे, कारण कधीही बोलवा, उत्तर एकच. न्हाणीघरातला नळ त्यानेच बदलला होता. मला वाटलं, मुद्दाम सांधा कच्चा ठेवला असणार, म्हणजे पुन्हा बोलावणं आलंच. मी त्याला जिन्यात गाठलं आणि चारचौघांत सुनावलं. त्याने ऐकून घेतलं. "ताई, माझं काम गळत असेल तर मी फुकट करून देतो. पण आधी बघू तर द्या."

न्हाणीघर कोरडं ठणठणीत होतं. मग तो स्वयंपाकघराकडे वळला, तर आई ओट्यासमोर जाऊन उभी.

"तिथलं बघायला नको. तिथलं माझ्या मुलाने केलंय."

"मग तर बघायलाच पाहिजे, आजी," तो हसत म्हणाला.

आई हसली नाही आणि जागची हललीही नाही. बिचारा हत्यारं उचलून गेला.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. जुनी परात जागेवर दिसेना. पसरट पातेलं कुठेय विचारलं, तर "असेल इथेच". पहाटे मी अंथरुणात असताना मोरीत पाणी ओतल्याचा आवाज यायचा. पायपुसणी रोज दोरीवर वाळत. एकदा मी कपाट उघडलंच, तर आत डबे, पिशव्या, रिकाम्या बाटल्या अशा रचलेल्या की हात घालायला जागा नाही. मी एक डबा काढते न काढते तोच आईच्या छातीत जळजळायला लागलं आणि मला औषध आणायला धावावं लागलं. परत आले तेव्हा ती मजेत भाजी निवडत बसली होती.

मला भलभलत्या शंका यायला लागल्या. विसरायला लागली का? काही साठवून ठेवते का? कुणाला देते का? कारखान्यातून लवकर निघून मी चपला हातात घेऊन जिना चढायचे. सख्ख्या आईच्या मागावर.

आता ते दुसरं कारण. आई पडली, दादा. मंगळवारी पहाटे, भरलेली परात मोरीकडे नेताना पाणी हिंदकळलं आणि तिचा पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर, कंबर वाचली. शुद्धीत होती, पण दुखण्याबद्दल अवाक्षर नाही. मला म्हणाली ते एवढंच, "त्याला फोन करू नकोस." पत्राबद्दल काही बोलली नाही.

तिला निजवून मी कपाट रिकामं केलं. मागची फळी कुजून भुसभुशीत झाली होती, बोट लावलं तर आत गेलं. आणि तू बसवलेल्या पाइपाच्या सांध्याला चिंध्या गुंडाळलेल्या, त्यावर सुतळी, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. तिच्या टोकातून पाणी टपटपत होतं. इतके दिवस ती तुझ्या कामाला मलमपट्टी करत होती.

एक विचारते. दर फोनला तू आईला म्हणतोस, "ओट्याखाली बरं आहे ना सगळं?" मी ऐकलंय. तब्येतीच्याही आधी विचारतोस. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे, तो असं का विचारेल?

तुला माहीत होतं का?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. उद्या नळवाला येतोय, तो उघडून बघेल. तोवर पत्र टाकत नाही.

११ मार्च

आला. 'उद्या' म्हणाला होता आणि खरंच आला. मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले, माझी सवय तुला ठाऊक आहे. इमारतीचं पाणी बंद करून त्याने चिंध्या सोडवल्या. खाली पुट्टीचा हा एवढा गोळा होता. तो त्याने नखाने उचकटला, तर अख्खा हातात आला.

"ओल्यावर लावलीय," तो म्हणाला. "पाइप कोरडा केल्याशिवाय ही धरत नाही. नुसती टोपी घातल्यासारखी बसते."

त्याखाली नटाला बारीक चीर होती. आणि आत पांढरी टेप, उलट्या दिशेने गुंडाळलेली. नट आवळला तशी ती आट्यांवरून सुटत गेली आणि एका बाजूला चोळामोळा होऊन बसली. मग गळतंय म्हणून आणखी आवळलं, म्हणून नट चिरला. बरेच जण असंच करतात, तो म्हणाला. गळालं की जोर लावायचा.

"पण ताई, सांधा गळत नसताना कुणी पुट्टी लावत नाही. ज्याने लावली, त्याने गळताना बघितलं होतं."

मला हवं ते मिळालं. तो गोळा घेऊन मी तडक आईच्या खोलीत गेले आणि तिच्यासमोर धरला.

"दादाला माहीत होतं."

"हो," आई म्हणाली. "मलाही."

मग तिने सांगितलं. तू निघालास त्या दिवशी पहाटे ती उठली, तर तू ओट्याखाली डोकं घालून बसलेला. बाह्या ओल्याचिंब, हाताला पुट्टी. ती म्हणाली, नळवाल्याला बोलवू. तू म्हणालास, नको, तिला कळेल, म्हणजे मला. ती म्हणाली, निदान पाणी तरी बंद कर. तू म्हणालास, सगळ्या इमारतीचं पाणी जाईल, ती उठेल.

"आदल्या रात्री जेवायच्या वेळी तू त्याला काय बोललीस, आठवतं?" आईने विचारलं.

आठवतं. पाइप बसवून तू हात धूत होतास आणि मी म्हणाले, "वहिनी, उद्या जाण्याआधी तपासून घ्या हो, दादाचं कुठलं काम पुरं झालंय आजवर? शिक्षण अर्धं, धंदा अर्धा." वहिनी हसली. तूही हसलास. मला वाटलं, बरा जमला विनोद.

"मी त्याला म्हटलं, तू नीघ, इथलं मी बघते," आई म्हणाली. "मुलगा आधीच वर्षा-वर्षाने येतो."

"मग मला सांगायचं ना, आई. एवढी पडेपर्यंत..."

"तुला?"

एवढंच म्हणाली, आणि प्लास्टरचा हात सांभाळत भिंतीकडे वळली.

मी स्वयंपाकघरात येऊन बसले. नळवाला काय बोलत होता ते ऐकू येत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. कारखान्यात मी टेबलांमधून चालत गेले की मुली हातातला कपडा पटकन गठ्ठ्याखाली सरकवतात. त्याला मी धाक म्हणायचे आणि मला तो आवडायचा.

तुला विचारलेला प्रश्न मागे घेते. उत्तर मिळालं.

नवा नट, सुलट टेप, सगळं झालंय. कपाटाखाली मी वर्तमानपत्र अंथरून ठेवलंय आणि ते कोरडं आहे. नळवाल्याला मी जिन्यातलं बोलणं विसरा म्हणाले. तो म्हणाला, "कुठलं?" आणि नजर चुकवून गेला. काकूंचं छत मी रंगवून देणार आहे. आईची वेणी मी घालते. तिला केस ओढले गेलेले चालत नाहीत, पण मी ओढले तरी ती गप्प बसते. "दुखतं का?" विचारलं, तर म्हणते, "छे, छान घालतेस." सकाळच्या त्या बोलण्यापासून ती माझ्याशी अशीच बोलते, पाहुण्यांशी बोलावं तशी. मला ते सोसत नाही, दादा.

तू ये. सवड काढून वगैरे नको, या शनिवारीच ये. वहिनीला आणि पिल्लूला घेऊन ये. माझ्यासमोर आईशी मोठ्याने भांड. तिने तुझी बाजू घेतली तरी चालेल, पण मला ऐकू येईल अशी घ्यावी.

तुझी बहीण,
जिला तुम्ही दोघांनी सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं लिहिणार होते, पण तशी खात्री मलाच नाही.