विम्याच्या फॉर्मवरचा रिकामा चौकोन

मिल्टन, कॅनडा, सप्टेंबर २०१०, रविवार

हिचा लुळा हात आज थोडा उचलला गेला. नितीनची पाठ बरी आहे, सूनबाईचा खोकला थांबला. आणि मी? मला काय धाड भरलीय, असंच म्हणत आलो. तिथेच फसत होतो.

गाडीच्या विम्याचे नियम या महिन्यापासून बदललेत. डिक्शनरी घेऊन तीन दिवस वाचले. मी अपघातात जायबंदी झालो, तर हिच्यासाठी माणूस ठेवायचा खर्च आता आपोआप मिळत नाही. तो वेगळा मागावा लागतो. फॉर्मवर त्याचा एवढासा चौकोन, रिकामाच.

नितीन म्हणाला, "बाबा, बेसिक पुरे. तुम्ही कुठे जॉब करता?"

ही पलंगावरून म्हणाली, "मग मला रोज न्हाऊ घालतात ते कोण, शेजारी?"

नितीनने फोन बाजूला ठेवला. मग फॉर्म पुन्हा नीट वाचला आणि पेन माझ्या हातात दिलं. तो चौकोन मीच भरला.

पत्रं लिहायच्या सवयीने फॉर्मच्या खाली इंग्रजीत लिहून गेलो: आम्ही सर्व खुशाल, उत्तर लवकर धाडावे. नितीन हसला, पण मला ते खोडू दिलं नाही.