खड्डा भरलाय तर उसात टाका

१२ जानेवारी २०२६, सोमवार

नोटीस आली. "वरिष्ठांच्या सूचनेचे पालन न करणे." कुठली सूचना, ते मात्र लिहिलेलं नाही!

मग मीच लिहितो. पोल्ट्रीत रोज दहा-वीस कोंबड्या मरतात. ही मरतूक खड्ड्यात टाकायची, वर चुना मारायचा, असा नियम. शनिवारी खड्डा भरला. ऋषीशेठ म्हणाले, जेसीबी येईपर्यंत मागच्या उसात टाका. मी नाही म्हणालो. उसापलीकडं ठमाकाकीची वस्ती आहे. दिवाळीनंतर तिच्या मालकाला, गेणूबाबांना, बिबट्यानं त्याच उसाच्या बांधावरून ओढून नेलं.

चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. बसलोय.

१३ जानेवारी

काही नाही. दुपारभर पडून होतो.

१५ जानेवारी, गुरुवार

ठमाकाकी ताकाचा तांब्या घेऊन आली. परवापासून रोज येते. उंबऱ्यावर टेकली आणि विचारलं, "नाय का म्हणालास रं, संपत?" म्हटलं, नियम आहे काकी. ती माझ्याकडं बघत बसली. मग उठून गेली.

वृषाली खूश आहे. राजुरीच्या बाजारात बायका तिला म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यानं छाती दाखवली. बायकोला नवऱ्याचं कौतुक ऐकायला मिळालं, तेही नोकरी जायच्या वेळी. ताक आंबट होतं. प्यायलो.

१९ जानेवारी, सोमवार

ऑफिसात चौकशी. पुण्याचे एक वकीलसाहेब आलेले. शेठ म्हणाले, मी शेड साफ करायला नकार दिला. उसात टाका असं आपण जन्मात कुणाला सांगितलं नाही, मरतूक कायम खड्ड्यातच जाते. मोहितला बोलावलं. तीन वर्षं माझ्या हाताखाली आहे. चपलेकडं बघत म्हणाला, मी तरी कधी उसात टाकली नाही. बाहेर आल्यावर मागं मागं आला. "भाऊ, मला बी घर हाय." मी मान हलवली. राग यायला हवा होता. आलाच नाही.

वकीलसाहेबांनी विचारलं, शेठ उसात टाकायला सांगतात, याला काही पुरावा? शुक्रवारपर्यंत लेखी द्या.

२० जानेवारी

पुरावा आहे. मी आहे!

दोन वर्षं खड्डा भरला की शेठ सांगायचे आणि मी पाटी उचलायचो. बांधावर जायचो, उसात रिकामी करायचो. मोहितला नेलं नाही, त्याला वास सहन होत नाही. म्हणजे तो खोटं बोललाच नाही. गेणूबाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यातही मी चार पाट्या टाकल्या होत्या. त्यानंतर खड्डा भरला तो १० तारखेच्या शनिवारी. तेव्हा मी नाही म्हणालो. एवढीच माझी छाती.

बिबट्या कोंबड्यांच्या वासानंच आला, असं कुणी सांगावं? उसात तर सगळीकडंच बिबट्याची पिलं सापडतात. हे मी स्वतःला रोज सांगतो.

लिहून दिलं तर शेठचं खोटं उघडं पडेल, पण ठमाकाकीला कळेल. नाही दिलं तर नोकरी जाईल आणि वस्तीवर मी भला माणूस राहीन. दोन्हीकडून काहीच वाटत नाही. हात बधिर होतो तसं आत झालंय.

२१ जानेवारी

ताक आलं. काकी बसली, उन्हं उतरल्यावर गेली. तांब्या इथंच विसरली.

२२ जानेवारी, गुरुवार

जबाब लिहिला. दीड पान. तारखा आठवतील तेवढ्या घातल्या. वृषालीनं वाचला आणि माझ्याकडं पाठ करून भांडी घासायला बसली. ऑफिसात वाचायच्या आधी काकीला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. उद्या सकाळी जाईन.

२३ जानेवारी

सांगितलं. काकी शेण थापत होती, हात थांबला नाही.

"ठावं हाय मला. हे गेले त्याच्या आधीपासनं पिसं यायची अंगणात. तू कवा सांगतोस, तेच बघायला येत व्हते."

मग म्हणाली, माझा तांब्या तेवढा आणून दे.